पाणी सोडलं म्हणजे काय?

साताऱ्यात शाहूपुरीतल्या एका घरात वादाला तोंड फुटलं ते नातवाच्या गृहपाठावरून. 'वॉटर' या एका शब्दापासून होणारे दहा जोडशब्द आणि पाच वाक्प्रचार लिहून आणायचे होते. आजोबांनी सारी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवलेली. त्यांनी जेवणाची ताटं मांडायच्या आत नातवाची वही भरून घेतली. वॉटरफॉल, वॉटरमार्क, वॉटरप्रूफ, वॉटरटाइट, वॉटरशेड. मग वाक्प्रचार : 'इन हॉट वॉटर' म्हणजे अडचणीत सापडलेला, 'होल्ड वॉटर' म्हणजे युक्तिवाद टिकणं, चालू कामावर थंड पाणी ओतणं म्हणजे उत्साह मारणं.

दिवाळीच्या सुट्टीत आटपाडीहून आलेली त्यांची भाची हे सगळं ऐकत बसली होती. ती तिकडे माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वही मिटल्यावर तिने मुलाला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आता हेच पाण्यावरून मराठीत सांग."

मुलगा 'पाणीपुरी' म्हणाला, 'तोंडाला पाणी सुटणे' म्हणाला आणि थांबला.

"बघा मामा," भाची म्हणाली, "कृष्णेच्या जिल्ह्यातलं पोर, आणि पाण्याचे दोनच शब्द."

"त्यात त्याचा काय दोष?" मामा म्हणाले. "इंग्रजीत दोन शब्द शेजारी ठेवले की तिसरा तयार. तशी यादी मराठीत कुणी हातात दिली तर तोही पाठ करील. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात पाण्याचं सगळं भांडार आहे. पन्नास शब्द निवड, पन्नास वाक्प्रचार निवड, अर्थ लिही आणि पाठ करून घे. भाषा अशीच टिकते."

"यादीनं गुण मिळतील, मामा. शब्द मिळायचा तर पाटावर उभं राहावं लागतं."

त्या रात्री मामा-भाची बराच वेळ बोलत बसले. दोघांचंही म्हणणं नीट ऐकून घेण्यासारखं आहे, कारण पाण्याच्या शब्दांवर बोलायला सातारा-सांगलीइतका योग्य मुलूख शोधून सापडायचा नाही. कृष्णा महाबळेश्वराला उगवते, वाई आणि माहुली करत कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि सांगलीला वळसा घालून पुढं जाते. याच दोन जिल्ह्यांत माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत हे पावसाची वाट बघणारे तालुके आहेत. एका अंगाला महापूर, दुसऱ्या अंगाला टँकर.

मामांनी पहिला मुद्दा व्याकरणाचा काढला. मूळ शब्द संस्कृत 'पानीय', म्हणजे पिण्याजोगं. त्याचं पाणी झालं. घोडा शब्द समासात आधी आला की 'घोडदळ' होतं, तसंच पाणी आधी आलं की 'पाण' उरतं. पाणवठा, पाणपोई, पाणलोट, पाणथळ, पाणक्या, पाणकोंबडी, पाणकावळा, पाणमांजर, पाणकणीस. "सुटसुटीत साचा आहे. नियम एकदा कळला की मूल शब्द ओळखतं. याला शिवार कशाला लागतं?"

भाचीनं नियम मान्य केला आणि पुढची पायरी दाखवली. 'पाण'वाले बहुतेक शब्द गावच्या बोलण्यातले, ओढ्याकाठी आणि विहिरीवर घडलेले. त्यांच्यावर दुसरा थर बसला तो कचेरीचा आणि वर्तमानपत्रांचा. पाणीपट्टी, पाणीपुरवठा, पाणीटंचाई, पाणीवाटप, पाणीसाठा. इथं शेवटची ई गळत नाही, अख्खा शब्द उभा राहतो. तिसरा थर सरकारी फलकांचा : जलसंपदा, जलसंधारण, जलयुक्त शिवार. आणि चौथा आजचा : वॉटर फिल्टर, वॉटर पार्क, वॉटर कप. "मामा, शब्द पाहिला की तो कुणी घडवला ते कळतं. पाणवठा बायकांनी घडवला, पाणीपट्टी कचेरीनं आणि जलसंधारण मंत्रालयानं. यादीत हे चारही एका ओळीत बसतात आणि मुलाला सगळे सारखेच दिसतात."

"म्हणजे जुना साचा मेला म्हणायचा?"

"नाही. समुद्राखालून जाणारी बोट आली तेव्हा आपण तिला पाणबुडी म्हणालो. डुबकी मारणाऱ्या छोट्या पक्ष्याचं ते नाव बोटीला चपखल बसलं. समुद्रात पेरलेल्या सुरुंगाला पाणसुरुंग म्हणालो. साचा जिवंत आहे. आपण तो हातात घ्यायचं सोडलंय."

मामांना हे पटलं, पण त्यांनी इंग्रजीची बाजू सोडली नाही. त्यांनी वॉटरशेड हा शब्द पुढं केला. या शब्दातल्या 'शेड'चा छपराशी संबंध नाही, तो विभागणीचा शब्द आहे. दोन खोऱ्यांचं पाणी जिथून वेगळं होतं तो डोंगरमाथा म्हणजे मूळचा वॉटरशेड. जर्मन शब्दावरून इंग्रजांनी तो बेतला आणि पुढं इतिहासाला वळण देणाऱ्या प्रसंगालाही तेच नाव दिलं. एका भौगोलिक शब्दातून केवढा मोठा अर्थ निघाला! मराठीत अशी झेप कुठं आहे?

"झेप आहे, फक्त नजर वेगळी आहे," भाची म्हणाली. "इंग्रजानं माथ्यावर उभं राहून पाणी कुठं फुटतं ते पाहिलं. आपल्या माणसानं खाली उभं राहून पाणी कुठून लोटत येतं ते पाहिलं आणि त्याला पाणलोट म्हटलं. महाबळेश्वराच्या पठारावर दोन्ही शब्द एकाच वेळी खरे ठरतात. एका उतारावरचं पाणी सावित्रीतून अरबी समुद्राला जातं, दुसऱ्या उतारावरचं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. मुलांना तिथं नेऊन दोन्ही शब्द शिकवले तर परत कधी विसरायची नाहीत."

मग बोलणं शब्दाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. इंग्रजीत पाणी शेवटी आलं तर ते पाणीच राहतं : रेनवॉटर म्हणजे पावसाचं पाणी. मराठीत चहापाणी म्हणजे चहाचं पाणी नव्हे. चहा, पोहे, दोन घटका बसणं, विचारपूस एवढं सगळं त्यात येतं. व्याकरणात त्याला समाहार द्वंद्व म्हणतात. पीकपाणी, पाऊसपाणी, चारापाणी, दाणापाणी, औषधपाणी, शेतीपाणी. माणदेशात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न पाऊसपाण्याचा असतो आणि त्या एका प्रश्नात पेरणी, जनावरं, कर्ज, पोरीचं लग्न हे सगळं विचारून होतं. मामांनी हा मुद्दा बिनशर्त दिला. इतक्या मोकळेपणानं 'वगैरे'चं काम करणारं वॉटर इंग्रजीत नाही, हे इंग्रजीच्या मास्तरांनीच सांगितलं.

खरा पेच पडला तो वाक्प्रचारांवर. भाचीनं विचारलं, "पाणी सोडलं म्हणजे काय?"

"आशा सोडली, हक्क सोडला. दान देताना तुळशीपत्रावर उदक सोडतात, त्यावरून आलं. सोडलेली वस्तू परत मागायची नाही."

"आटपाडीत याचा अर्थ उलटा आहे, मामा. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडीकडे आणतात. 'टेंभूचं पाणी सोडलं' असं कुणी ओरडलं की माणसं कालव्याकडं धावतात. बायका हळदकुंकू घेऊन जातात. ज्या मुलानं ते पाणी येताना बघितलंय, त्याला मी पुस्तकातला अर्थ सांगितला तर तो माझ्या तोंडाकडं बघत राहतो. आधी त्याचं पाणी, मग पुस्तकातलं पाणी. दोन्ही शेजारी ठेवली की त्यालाच कळतं की 'सोडणं' दोन तऱ्हांचं असतं. एक देऊन टाकणं, दुसरं मोकळं करणं."

तिच्याकडं अशी आणखी उदाहरणं होती. 'कुठंतरी पाणी मुरतंय' हा संशयाचा वाक्प्रचार. 'त्याची चांगली जिरवली' म्हणजे खोड मोडली. दुष्काळी गावात मात्र मुरणं आणि जिरणं यांसाठीच घाम गाळावा लागतो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशननं पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली, तेव्हा राज्यातले तीनच तालुके निवडले होते आणि त्यांत साताऱ्याचा कोरेगाव होता. पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्याच वेळू गावानं मिळवलं. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं. त्या गावांनी समतल चर खणले, बांध घातले, ते पाणी मुरावं म्हणून. तिथल्या पोराला 'पाणी मुरतंय' हा संशयाचा शब्द म्हणून शिकवायचा असेल, तर त्याच्या गावाची गोष्ट आधी सांगावी लागेल.

"आणि मेहनतीवर पाणी पडणं?" मामांनी विचारलं.

"तेही तसंच. जतच्या माणसाला पाणी पडलं तर हवंच आहे. पलूस-वाळव्याच्या माणसाला विचारा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या उसावर किती दिवस पाणी उभं होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात माणदेशात चारा छावण्या होत्या. एका वर्षात, शेजारच्या तालुक्यांत, एका वाक्प्रचाराचे दोन अर्थ लोकांनी अंगावर घेतले."

आता मामांनी आपलं सगळ्यात भक्कम उदाहरण काढलं. "वर्तमानपत्रात 'रक्ताच्या थारोळ्यात' असं छापतात. थारोळं म्हणजे काय, सांग याला." नातू गप्प. "मोटेचं पाणी विहिरीतून वर येऊन जिथं ओततं तो हौद म्हणजे थारोळं. तिथून पाणी पाटात जातं. मोट गेली, नाडा गेला, सोंदूर गेला, बैलांची धाव बुजली. थारोळं मात्र रोज छापून येतं आणि वाचणाऱ्याला अर्थही लागतो. म्हणजे काम मेलं तरी शब्द जगतो. मग शिवारात जायची सक्ती कशाला? आणि 'पाण्यात पाहणं' म्हणजे द्वेष करणं, हे तुझ्या कुठल्या शेतात सापडणार? तो पाठच करावा लागेल."

भाचीनं हे मान्य केलं. काही वाक्प्रचार शब्दांवरून उलगडत नाहीत, ते जसेच्या तसे घ्यावे लागतात. मामांचा उत्साह वाढला आणि ते कपाटाकडं गेले. कोश कशासाठी लागतो हे त्यांना दाखवायचं होतं.

पाणी म्हणजे तेज, हा अर्थ त्यांनी काढला. तलवारीला पाणी देतात, मोती पाणीदार असतो, डोळे पाणीदार असतात, माणसाचं पाणी जोखतात. इंग्रजीतही उत्तम हिऱ्याला 'पहिल्या पाण्याचा' म्हणायची रीत होती. फार्सीत पाण्याला 'आब' म्हणतात आणि तोही तेजाचा, मानाचा शब्द आहे. मराठीत तो सरळ आला : आब राखणे. फार्सी 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी म्हणजे 'आबरू', आपली अब्रू. आता मराठी पाणउतारा घ्या. चेहऱ्यावरचं पाणी उतरवणं म्हणजेच अब्रू घेणं. एक शब्द इराणातून आला, दुसरा आपल्या मातीतला, आणि दोन्ही भाषांनी माणसाचा मान पाण्यातच पाहिला. गुलाबातही तेच आब आहे, 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. "हे तुला कुठल्या पाटावर कळलं असतं?" त्यांनी विचारलं.

"नसतं कळलं," भाची म्हणाली. मग थोडं थांबून तिनं मानाचाच धागा पुढं नेला. "पण मामा, कोशात 'पाणवठा' या शब्दापुढं पाणी भरण्याची जागा एवढंच लिहितात. कुणाला भरू द्यायचे नाहीत, ते लिहीत नाहीत."

ती ज्या प्रसंगाविषयी बोलत होती, तो याच जिल्ह्यात घडला. १९०० साली सातारच्या शाळेत नाव दाखल झालेला भीमराव पुढच्या वर्षी आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर, खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडं निघाला. मसूर स्टेशनावर मुलं उतरली आणि बैलगाडीनं पुढं गेली. बरोबर खायला होतं, पण मुलं महार जातीची म्हणून वाटेत कुणी पाणी देईना. पाण्याविना घास उतरेना, म्हणून ती रात्री उपाशी झोपली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहून ठेवलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. त्यानंतर चार दशकं लोटली, तरी बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ उभी करावी लागली. 'त्यांचं पाणी आम्हाला चालत नाही' हे वाक्य मराठीत होतं, लोक ते बिनदिक्कत बोलत होते, आणि ज्याला वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलावं लागे त्याला 'दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं' याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

"हा अर्थही मुलांना द्यायला हवा," भाची म्हणाली. मामांनी मान डोलावली. या मुद्द्यावर दोघांत वाद नव्हता.

वाद पुन्हा पेटला तो सांगलीच्या पुलावर. मामा म्हणाले, इंग्रजीतला एक वाक्प्रचार मराठीनं जसाच्या तसा घेतला, 'पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं', म्हणजे झालं गेलं मागं पडलं. चांगला शब्द कुठूनही घ्यावा. भाचीची त्याला हरकत नव्हती. मात्र सांगलीत हे वाक्य तसं पोचत नाही, असं ती म्हणाली. तिथला आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना विचारतात, "आयर्विनला किती फूट?" ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. २०१९ ला ते ५७ फुटांच्याही पुढं होतं. ज्या गावानं पुलाखालचं पाणी फुटाफुटानं मोजलं, त्याच्यासाठी ते पाणी मागं पडलेलं नसतं. ते दारात येऊन उभं राहणार असतं.

"मग तुझी मागणी काय आहे?" मामांनी शेवटी सरळ विचारलं.

भाचीची मागणी लहान होती. ज्या शब्दांवर आज दोन्ही जिल्हे जगतात ते वर्गात यावेत. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एका टीएमसीत सुमारे २,८३२ कोटी लिटर. चहाच्या टपरीवर बसलेला शेतकरी हा हिशेब बोटांवर सांगतो. आवर्तन, पाणीपाळी, पाटकरी, लाभक्षेत्र हे शब्द त्याच्या घरात रोजचे आहेत. रात्रीची लाइट असली की तो 'दारं धरायला' जातो, म्हणजे सऱ्यांची तोंडं फोडत-बुजवत उसाला पाणी पाजत रात्र काढतो. बैलांना तो पाणी 'दाखवतो'. येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरण उभारलं आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा असावा असं ठरवलं, तेव्हापासून 'समन्यायी पाणीवाटप' हा जडशीळ जोडशब्दही इथल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडात बसला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणी पाणी भरून तहानलेल्या लातूरला गेल्या, पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर. सरकारी नाव 'जलदूत' होतं, लोक तिला पाण्याची गाडी म्हणाले. "यातला एक तरी शब्द दहावीच्या वाक्प्रचारांच्या यादीत आहे का?"

"नाही," मामा म्हणाले. "आणि यातले नवे शब्द माझ्या कोशातही नाहीत. त्याचे खंड १९३२ ते १९३८ मध्ये निघाले. टेंभू, टीएमसी त्यात कुठून येणार?" ते थोडा वेळ गप्प राहिले. "पण तू हेही ध्यानात घे, थारोळं आज मी तुला सांगू शकलो, कारण ते कुणीतरी लिहून ठेवलं. तुझी दारं धरणारी माणसं गेली आणि ठिबक सगळीकडं आलं, की 'दारं धरणं' कोण सांगणार? जगायला शिवार लागतं हे कबूल. टिकायला वही लागते."

इथं दोघांचं एकमत झालं. भाचीचा मुद्दा शिकवण्याचा होता. वाक्प्रचार मुलाला त्याच्या गावच्या पाण्यावरून द्यावा, आणि पुस्तकातला अर्थ त्याच्या शेजारी मांडावा. मामांचा मुद्दा जपण्याचा होता. लिहिलं नाही तर एका पिढीत शब्द नाहीसा होतो. मोटेचे निम्मे शब्द असेच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाच्या गृहपाठाच्या वहीत इंग्रजी यादीखाली मराठी यादी सुरू झाली. पहिला शब्द त्याने आजोबांकडून घेतला : थारोळं. दुसरा आत्याकडून : दारं धरणं.

सातारा-सांगलीच्या वाचकांना या लेखाचं सांगणं एवढंच आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत मोट हाकलेलं, पाटकऱ्याची नोकरी केलेलं, आडावरून घागरी वाहिलेलं कुणी सत्तरीपुढचं माणूस असेल, तर या सुट्टीत त्याच्याजवळ तासभर बसा. त्यानं सांगितलेला पाण्याचा प्रत्येक शब्द मुलाकडून वहीत लिहून घ्या. शब्दापुढं अर्थ, त्याखाली गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय लिहा. शाळा उघडली की ती वही मराठीच्या बाईंच्या किंवा सरांच्या हातात द्या.